तिसरा मणका

पडद्याआडून ‘चट्’ असा आवाज आला आणि बाकांवर बसलेल्या सगळ्या आया एकदम गप्प झाल्या.

“बसला,” एकजण कुजबुजली.

“कितवा होता?”

“तिसरा. तिसराच असतो.”

मणकेवाल्या साहेबांच्या दवाखान्यात हा आवाज ऐकायला बायका तासन्‌तास ताटकळत. दवाखाना म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकं, भिंतीवर पाठीच्या कण्याचं पुरुषभर चित्र, आणि त्याखाली हसऱ्या बाळांचे फोटो एकाला एक खेटून लावलेले. आत एक उंच टेबल, साहेब आणि त्यांचं यंत्र. यंत्र जाड पेनाएवढं, चकचकीत, कायम साहेबांच्या मुठीत. बाळाला पालथं घालायचं, यंत्राचं टोक पाठीला टेकवायचं, की चट्. वीतभर पाठ आणि हाडाचा आवाज भिंतीपलीकडे! ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, आणि काटा आला की विश्वासही यायचा.

इथं येणारी बाळं सगळी एकाच तऱ्हेची. महिना-दीड महिन्याची, अंगानं चांगली, दूध नीट पिणारी, आणि दिवस कलला की मुठी आवळून दोन-तीन तास बेंबीच्या देठापासून रडणारी. साहेबांकडे या रडण्याचं कारण तयार होतं, आणि ते जगातल्या सगळ्या बाळांना लागू होतं.

“जन्मताना मान ओढली जाते ताई, तिसरा मणका केसभर सरकतो. मणका सरकला की नस दबते, नस दबली की पोटात कळ. तुम्ही पोटाला औषध देताय, अहो, दुखणं पाठीत आहे! दहा बैठका. आठवड्याला एक. मध्ये सोडायचं नाही.”

“पण साहेब, काल तर जास्तच रडला.”

“रडणारच! आतलं बाहेर पडतंय.”

“आणि आज सकाळपासून नुसता झोपून आहे.”

“झोपणारच! मणका बसतोय.”

रडलं तरी साहेबांचं खरं, झोपलं तरी साहेबांचंच. असा धंदा बुडणार तरी कसा?

बाकाच्या टोकाला मांडीवर पिशवी घेऊन एक म्हातारा बसला होता. त्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि सगळे त्याला घड्याळकाका म्हणत. आत टेबलावर होता तो त्याचा नातू, सात आठवड्यांचा. शेजारी उभी होती ती त्याची एकुलती एक मुलगी. जावई लांबच्या मालगाड्यांवर, पंधरवड्याला एकदा घरी. त्यामुळे मुलगी बाळंतपणापासून वडिलांकडेच होती, आणि गेले महिनाभर तिच्या डोळ्याला डोळा नव्हता.

चट् झालं तेव्हा इतरांनी मान डोलावली. घड्याळकाकांनी ती जरा तिरकी केली. आयुष्यभर बारीक आवाज ऐकत आलेला तो कान होता. आधीच्या बाळाचा चट् आणि आपल्या नातवाचा चट् हुबेहूब एक होता. दोन माणसांची बोटंसुद्धा सारखी मोडत नाहीत, त्यांना वाटलं. पण तेवढ्यात मुलगी पडदा सारून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडा उजेड होता. “बाबा, साहेब म्हणाले, निम्मा बसला!” ती म्हणाली. काकांनी पिशवी उचलली आणि कानाला गप्प बसवलं.

लस टोचायच्या केंद्रावरच्या डॉक्टरीणबाईंनी याआधीच बाळाला नीट तपासलं होतं. वजन वाढतंय, पोट मऊ आहे, काही नाही, तीन-चार महिन्यांचा झाला की हे रडणं आपोआप थांबेल, असं त्यांनी सांगितलं होतं. खरं होतं ते. पण रोज तीन तास रडणारं मूल खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या बाईला ‘थांबा’ हा उपचार वाटत नाही.

“त्या काहीच करत नाहीत बाबा,” मुलगी म्हणाली होती. “साहेब निदान काहीतरी करतात.”

पुढच्याच आठवड्यात साहेब स्वतः घड्याळकाकांच्या दुकानात आले. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं यंत्र काढलं आणि आवाज खाली आणला.

“काका, आवाज दबलाय याचा. तेवढा मोकळा करून द्या. टोकाला हात लावू नका, टोक ठीक आहे. फक्त आवाज.”

ते गेल्यावर काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि दोन पिळात यंत्र उघडलं. आत एक स्प्रिंग होती, तिच्यावर पितळी दट्ट्या, आणि दट्ट्यासमोर एक पातळ पत्रा. खटका दाबला की दट्ट्या पत्र्यावर आपटायचा. चट्! टोकाचा आणि दट्ट्याचा काही संबंधच नव्हता. टोक वेगळं, रबरात बसवलेलं. काकांनी ते तळहाताला टेकवून खटका दाबला. हाताला काही म्हणता काही लागलं नाही. मग टेबलाला टेकवलं, चट्. चहाच्या कपाला टेकवलं, चट्. कपाचाही तिसरा मणका बसला.

काकांना हसू आलं. हे त्यांना नंतर फार लागलं, की त्या दिवशी आपण हसलो होतो.

त्यांनी एका मोडक्या गजराच्या घड्याळातली स्प्रिंग काढून आत बसवली. आवाज पहिल्यापेक्षा खणखणीत झाला. आणि मग त्यांना प्रश्न पडला. सांगावं का मुलीला? त्यांच्या धंद्याचा एक नियम होता, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. गिऱ्हाइकाच्या वस्तूच्या पोटात काय आहे ते दुकानाबाहेर न्यायचं नाही. कुणाचं सोन्याचं म्हणून मिरवलेलं घड्याळ मुलामा दिलेलं निघतं, कुणाच्या झाकणाच्या आत भलत्याच बाईचा फोटो असतो. दुरुस्त करायचं, झाकण लावायचं, तोंडाला कुलूप.

नियमाचं नाव पुढे करणं सोपं होतं. खरं कारण घरात होतं. मुलगी परत दोन घास नीट जेवायला लागली होती. ‘अजून सहा बैठका’ असं बोटांवर मोजत ती एकेक संध्याकाळ ढकलत होती. ती बोटं सोडवायची कशाला? यंत्र अंगाला लागतसुद्धा नाही, मग बिघडतंय काय? असा विचार काकांनी केला, आणि यंत्र रुमालात गुंडाळून परत दिलं.

नातू साडेतीन महिन्यांचा झाला आणि रडायचा थांबला. संध्याकाळी पाय नाचवत छताकडे बघून हसायला लागला. मुलीचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी बाळाचा फोटो मागून घेतला आणि भिंतीवर लावला.

त्याच आठवड्यात आणखी एक मूल गप्प झालं होतं. दवाखान्याच्या जिन्याखाली कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई बसायची. तिची मुलगी नातवाच्याच वयाची, आणि तशीच संध्याकाळभर रडायची. इस्त्रीवालीला दवाखान्यात बसून राहायला उसंत नव्हती. ती पोरीला पाठीशी बांधायची आणि काम करायची. त्या पोरीचा तिसरा मणका कुणी बसवला नाही, दहावा नाही, कुठलाच नाही. तरी ती थांबली.

घड्याळ बरोबर चालतंय की नाही हे पाहायचं तर काका त्याच्या शेजारी दुसरं ठेवत आणि त्या दुसऱ्याला हात लावत नसत. इथं तशी दोन मुलं शेजारी शेजारी होती. काकांनी ते पाहिलं, त्यांना ते कळलं, आणि ते गप्पच राहिले. आता तर सगळं छान झालं होतं ना?

नातू पाच महिन्यांचा होत आला तेव्हा एका सकाळी तो अचानक किंचाळला.

हे रडणं वेगळं होतं. पाय पोटाशी ओढून दोन-तीन मिनिटं जिवाच्या आकांतानं रडायचा आणि मग एकदम थांबायचा, गळून पडायचा. पुन्हा थोड्या वेळानं तेच. दूध घेतलं ते ओकून टाकलं. मुलीनं त्याला शालीत गुंडाळलं.

“कुठे निघालीस?”

“साहेबांकडे. मणका परत सरकला असणार. त्यांनी सांगितलं होतं, दात येताना सरकतो म्हणून.”

“पोरी, केंद्रावर दाखवू या का आधी?”

“केंद्रावर? तिथं काय सांगतील? थांबा!”

तोंडावर आलेलं वाक्य काकांनी गिळलं. ते वाक्य बोलायचं तर तीन महिने आधीचं सगळं बोलावं लागलं असतं. मुलगी गेली. तासाभरानं परत आली तेव्हा बाळ तिच्या खांद्यावर शांत होतं.

“एका फटक्यात!” ती म्हणाली. “चट् झालं आणि गप्प झाला. साहेब म्हणाले, आता दोन दिवस सुस्त राहील. घाबरायचं नाही, उठवायचं नाही. उद्या परत एक बैठक.”

त्या दुपारी काकांनी दुकान उघडलंच नाही. ते पाळण्याशी बसले. बाळ मधेच कण्हायचं, पाय आखडायचं, परत निपचित. सवयीनं त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. तीन वाजून पाच. मग तीन वाजून बावीस. मग तीन वाजून चाळीस. पोटातली कळ ठरलेल्या अंतरानं येत होती, आणि प्रत्येक वेळी रडणं आधीपेक्षा बारीक होत होतं. ओठांवर रंग नव्हता.

“हा झोपलेला नाही गं,” काका म्हणाले. “याच्यात त्राण नाही.”

“बाबा, साहेबांनी सांगितलंय, हात लावू नका. एवढ्या दिवसांचा अनुभव आहे आपल्याला त्यांचा.”

अनुभव! तिचा अनुभव खराच होता. बाळ रडत होतं, साहेबांकडे नेलं, बाळ थांबलं. त्या अनुभवाच्या पोटात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग होती आणि ती काकांनी बसवली होती. काका पाळणा हलवत राहिले. आणखी दोन तास गेले. त्या दोन तासांचा हिशेब ते पुढे आयुष्यभर देत राहिले, पण घेणारं कुणी नव्हतं.

दिवेलागणीला बाळाला हिरवी ओकारी झाली. दुपटं बदलायला घेतलं तर त्यात शीऐवजी रक्तमिश्रित लाल बुळबुळीत काहीतरी होतं. मग दोघं धावत सुटली.

मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“कधीपासून?”

“सकाळपासून,” मुलगी म्हणाली. “पण मधे बरा झाला होता. शांत झाला होता.”

“तो शांत झाला नव्हता ताई, थकला होता.” त्यांनी समजावून सांगितलं. सदरा काढताना बाही उलटी आत ओढली जाते ना, तसं आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला होता. तिथला रक्तपुरवठा दाबला गेला होता. “वेळेवर आलं तर बहुतेक वेळा चिरावंसुद्धा लागत नाही. खालून हवेचा दाब देऊन सोडवता येतं. आता आतडं काळं पडलं असेल तर कापावं लागेल. विष अंगात भिनायला लागलंय. मी प्रयत्न करते.”

त्यांनी खरंच प्रयत्न केले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बाळ गेलं.

जावई आला, चार दिवस भिंतीकडे बघत बसला आणि नोकरीवर परत गेला. मुलगी रडत नव्हती. ती एकच वाक्य बोलायची, दिवसातून कितीदा तरी, जेवताना, केस विंचरताना, कुणी काही विचारलं नसताना.

“एक बैठक चुकली.”

साहेबांनीच तिला तसं सांगितलं होतं, रस्त्यात भेटून, हात जोडून. दुसऱ्या दिवशीची बैठक झाली असती तर मणका पक्का बसला असता. इस्पितळात नेऊन पोट फाडलंत, तिथं घात झाला. हेही काकांच्या कानावर आलं.

महिन्याभरानं साहेब दुकानात आले. तोच रुमाल.

“वाईट झालं काका. आईच्या हातून चूक होते कधीकधी, काय करणार? बरं, आवाज परत दबलाय याचा. परवापर्यंत द्याल? लोक खोळंबलेत.”

“देतो की,” काका म्हणाले. “आणूनच देतो.”

दोन दिवसांनी दवाखान्याची बाकं भरलेली असताना काका जिना चढून वर आले. मागून मुलगी. ‘चल माझ्याबरोबर’ एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. हसऱ्या बाळांच्या फोटोंमध्ये तिचं बाळ तसंच हसत होतं. ती त्याच्याकडे बघत दाराशीच थांबली.

साहेब पडद्यातून हसत बाहेर आले. “आणलंत? द्या.”

काकांनी यंत्र दिलं नाही. ते हातातल्या पिशवीच्या कडीला टेकवून त्यांनी खटका दाबला. चट्. बाकाच्या फळीला, चट्. भिंतीवरच्या चित्रातल्या तिसऱ्या मणक्याला, चट्. मग हवेत, कशालाच न टेकवता. चट्.

बायका बाकांवरून पुढे झुकल्या.

“बायांनो, ऐकला ना? हाच आवाज ना?” काकांनी दोन पिळात यंत्र उघडलं. एकेक भाग त्यांनी बाकावर मांडला. “ही स्प्रिंग. हा दट्ट्या. हा पत्रा. आवाज याचा आहे. हाडाचा नाही, मणक्याचा नाही. हे टोक बघा, सुटं आहे. याच्यातून बाळाला काहीही होत नाही, बरं नाही आणि वाईट नाही.”

“म्हातारा भ्रमिष्ट झालाय,” साहेब म्हणाले. “नातू गेल्यापासून...”

“पण काका,” पुढच्या बाकावरची एक बाई उठली, “माझी मोठी मुलगी इथंच बरी झाली. मी डोळ्यांनी पाहिलंय!”

“थांबली तेव्हा केवढी होती?”

“साडेतीन महिन्यांची.”

“तुझं गं?” काकांनी तिच्या शेजारणीला विचारलं.

“तीन संपून चौथा लागला होता.”

“आणि जिन्याखालच्या इस्त्रीवालीची पोरगी कधी थांबली माहितेय? साडेतीनला. तिचं पाऊलसुद्धा या खोलीत पडलेलं नाही. हे रडणं त्याच वयाला थांबतं. दीड महिन्याला धरायचं, दहा आठवडे ओढायचं, आणि ते आपसूक थांबलं की भिंतीवर फोटो लावायचा. एवढीच विद्या आहे ही!”

“काहीही बरळू नका!” साहेबांचा आवाज चढला. “यंत्र उघडायला तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“मला कळणार नाही तर कुणाला? ही स्प्रिंग मीच बसवलीय.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि काकांनी मुलीकडे पाहिलं. ते आले होते यासाठीच. साहेबांचं पितळ उघडं करायचं होतं, पण त्याहून मोठं काम हे होतं.

मुलगी फोटोपासून वळली. “कधी बसवलीत?”

“आपला सात आठवड्यांचा होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मी त्याला परत इथं घेऊन आले, त्या दिवशीही?”

“हो. बैठक चुकली नाही पोरी. तुझं काही चुकलं नाही. वेळ गेला तो इथं येण्यात, आणि माझ्या गप्प बसण्यात. अंगाला लागत नाही म्हणून मला वाटलं, याचा काय त्रास? याचा त्रास हाच होता, की याच्यावर तुझा विश्वास बसला.”

मुलीनं भिंतीवरचा बाळाचा फोटो काढला, पदरानं पुसला आणि ती जिना उतरून गेली. वडिलांची वाट तिनं पाहिली नाही. एकेक करत काही आया उठल्या. काही बसूनच राहिल्या. आता आलोच आहोत तर दाखवून जाऊ, असं एक जण म्हणालीसुद्धा.

साहेबांनी पुढे तो दवाखाना बंद करून दुसरीकडे थाटला. आता ते यंत्र वापरत नाहीत, अंगठ्यानं दाबतात म्हणे.

काकांनी दुकानाच्या काचेत, घड्याळांच्या मधोमध, त्या यंत्राचे सुटे भाग मांडले आणि शेजारी एक पाटी लिहायला घेतली. ‘तान्हं मूल संध्याकाळी फार रडत असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा. त्यांनी ठीक म्हटलं तर धीर धरा, तीन-चार महिन्यांत ते थांबतं. त्यासाठी कुठलाही मणका बसवावा लागत नाही. पण रडणं थांबून थांबून येत असेल, मूल पांढरं पडत असेल, हिरवं ओकत असेल, शीतून रक्त जात असेल, किंवा एकाएकी गळून गप्प झालं असेल, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा.’

सहा आठवडे मुलगी त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी ती डबा घेऊन दुकानात आली, तो टेबलावर ठेवला, आणि पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

“हे अपुरं आहे,” ती म्हणाली.

“काय राहिलं?”

“ज्याला माहीत आहे त्यानं गप्प बसू नये. घरच्यांचं मन दुखेल म्हणूनही नाही. हे लिहा.”

काकांनी ब्रश रंगात बुडवला. हात हलत होता, म्हणून तिनं पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि ते लिहून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.